पालथा हात

“इथून येतेय की हवा,” रोपांच्या बाई म्हणाल्या. भांडायला उठल्यासारखं नाही, अगदी सहज म्हणाल्या, आणि गुडघ्यावर बसून त्यांनी आपला हात दाराच्या खालच्या कोपऱ्याशी धरला. त्याच कोपऱ्यावरून मी दोन मिनिटांपूर्वी हात फिरवला होता आणि दार चोख आहे असं सांगून मोकळा झालो होतो. या बाई म्हणजे त्या ग्रीनहाऊसमधल्या रोपांच्या डॉक्टरच. बी पेरल्यापासून रोप बोटभर होईपर्यंत सगळा कारभार त्यांच्या हवाली. पंधरा दिवसांपूर्वी आम्ही त्यांच्या रोपांच्या खोलीला नवीन दार बसवून दिलं होतं, सरकतं, चार मीटर रुंद, पोटात चार बोटं जाड फोम भरलेलं. बाहेर सहा अंश, आत चोवीस, आणि मधे फक्त आमचं दार. तरीही दाराजवळच्या पहिल्या दोन ट्रेमधली रोपं पिवळी पडून माना टाकायला लागली होती, म्हणून त्यांनी आम्हाला बोलावलं होतं. मी परत खाली बसलो. हात पाण्याच्या बादलीत बुडवला, झटकला, पालथा करून कोपऱ्याशी नेला आणि डोळे मिटले. काही नाही. “लागत नाही तुम्हाला?” बाईंनी विचारलं. मी म्हटलं, बाई, तुमचा हात इतका वेळ आतल्या उबेत होता, म्हणून तुम्हाला गार लागतंय. आणि हे बोलता बोलताच मला वाटलं, हे वाक्य मी आधीही कोणाला तरी ऐकवलेलं आहे, याच आवाजात, याच ऐटीत. कोणाला ते आठवेपर्यंत माझ्या जोडीदाराने खिशातून पातळ कागदाची एक पट्टी काढली. याला सगळा कारखाना फूटपट्टी म्हणतो, कारण हा जेवणाचा डबासुद्धा मोजून उघडेल. त्याने ती पट्टी माझ्या हाताला जवळजवळ चिकटवून धरली. पट्टी थरथरली, मग आडवी झाली आणि आडवीच राहिली. तिची फडफड मला दिसत होती, बारीक आवाजही येत होता, आणि तिथेच असलेला माझा हात मात्र गप्प होता. फूटपट्टीने कागदाची घडी करून ती खिशात ठेवली आणि तो सामान आणायला गाडीकडे गेला.

आमच्या धंद्यात दार उभं करणं हे निम्मं काम. दार काय, कोणीही उभं करील. खांब, वर रूळ, मोटर, पॅनेल. खरं काम हवा अडवण्याचं, आणि हवा मोठी लबाड. जिथून मुंगी जाईल की नाही याची शंका, तिथून ती बिनबोभाट जाते. मी ज्या मिस्त्रींच्या हाताखाली शिकलो ते पालथा हात ओला करून बंद दाराच्या कडेने सावकाश फिरवायचे. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यापासून वर, मग आडवं, मग उजवीकडून खाली. तळहात कामाने राठ झालेला असतो, त्याला काही विचारायचं नाही. पालथ्या हाताची कातडी पातळ, ती ओली केली की टाचणीच्या टोकाएवढी फटसुद्धा गार लागते. गार लागलं नाही म्हणजे दार चोख, इतका साधा हिशेब. मिस्त्री निवृत्त झाले आणि हे काम माझ्याकडे आलं, ते तीस वर्षं राहिलं. यंत्रं आली, उष्णता रंगांत दाखवणारे कॅमेरे आले, तरी आमच्या कंपनीच्या कार्डावर सगळ्यात खाली एक रकाना राहिलाच: ‘हात फिरवला’. त्यापुढे माझी सही. कारखान्यात मला नावाने कोणी हाक मारत नाही, हातवाले म्हणतात. गिऱ्हाईक कुरकुर करायला लागलं की साहेब म्हणणार, हातवाल्यांना पाठवा. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. घरीही माझ्या हाताचा असाच दबदबा. लेक लहान असताना अंग कसकसतंय म्हणाली की ही, म्हणजे माझी बायको, थर्मामीटर शोधत बसायची नाही, मला हाक मारायची. मी पालथा हात लेकीच्या कपाळाला लावायचा आणि निकाल द्यायचा. मी ताप नाही म्हटलं की शाळा, पुढे अपील नाही. एकदा पोरीने गरम पाण्याची पिशवी कपाळावर धरून ठेवली होती. मी कपाळाला हात लावला, मग मानेला लावला आणि म्हटलं, ताप फक्त वरच्या मजल्यावर आहे, ऊठ. ही ते किती दिवस येईल-जाईल त्याला सांगत होती.

दुरुस्ती तासाभराची होती. उभं रबर आडव्या रबराला जिथे मिळतं तो सांधा मीच कापला होता, मीच चिकटवला होता, आणि तो करंगळीएवढा उकलला होता. फूटपट्टी म्हणाला, तुम्ही बसा, मी करतो. एरवी मी असलं ऐकून घेतलं नसतं. त्या दिवशी मुकाट्याने जाऊन दोन दारांच्या मधल्या खोलीत अवजारांच्या पेटीवर बसलो. ग्रीनहाऊसला माणसांच्या ये-जा करायच्या वाटेवर अशी एक मधली खोली ठेवतात. बाहेरचं दार लागल्याशिवाय आतलं उघडत नाही, म्हणजे बाहेरचा गारठा थेट रोपांच्या अंगावर जात नाही. तिथे ना धड गार असतं ना धड ऊब. मी खिशातून घराची किल्ली काढली आणि तिच्या टोकाने हातावर टोचून पाहायला लागलो. मनगटापाशी कळलं. पुढे पुढे ते टोचणं लांब गेल्यासारखं झालं, आणि करंगळीकडे तर मी कातडीत खळगा पडलेला पाहिला आणि मला काहीच कळलं नाही. मग डावा हात. तोही तसाच. मी असा किल्लीने स्वतःला टोचत बसलेलो असताना फूटपट्टी चिकटवायच्या गोंदाची नळी न्यायला आला, थांबला, आणि खाली मान घालून माझ्या शेजारी उकिडवा बसला. त्याने जे सांगितलं ते त्याने मोठ्या कष्टाने सांगितलं. मी हात फिरवून कार्ड भरायला बसलो की तो मागाहून त्याच कडेने कागदाची पट्टी फिरवत असे. वर्षाहून जास्त झालं, हेच चाललं होतं. चार दारांत त्याला हवा सापडली होती. त्याने ती तिथल्या तिथे नीट केली आणि ब्र काढला नाही. हे पाचवं दार बसवलं तेव्हा तो तापाने घरी होता, माझ्याबरोबर दुसरा माणूस होता, म्हणून हे राहिलं. मी विचारलं, का बोलला नाहीस? तो म्हणाला, “कसं बोलणार, हातवाले?” मी विचारलं, पहिलं दार कधी सापडलं? त्याला तारीख पाठ होती, त्याला सगळ्याच तारखा पाठ असतात. मागच्या वर्षीची थंडी सुरू व्हायच्या आधी. ही जाऊन तर नऊच महिने झाले होते, म्हणजे पहिलं दार त्याच्याही आधीचं. तो नळी घेऊन आत गेला.

खरं म्हणजे मला कळायला हवं होतं. पायांना तर कधीपासून मोजे घातल्यासारखं वाटायचं, घातलेले नसले तरी. एकदा जिना चढून घरात आलो, खुर्चीत बसलो, पेपर उघडला, आणि ही दारातून म्हणाली, अहो, तुमची एक चप्पल कुठाय? चप्पल दुसऱ्या मजल्यावरच्या पायरीवर राहिली होती आणि मी एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी असा वर आलो होतो. ही इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. मग हसणं थांबवून तिने माझ्या पायाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. गॅसवरचं पातेलं मी फडक्याशिवाय उतरवायला लागलो तेव्हा ती म्हणायची, भाजत नाही का तुम्हाला? मी म्हणायचो, कामगाराचा हात आहे, लेच्यापेच्याचा नाही. कंपनीत एकदा सगळ्यांचं रक्त तपासलं, त्यात माझी साखर वाढलेली निघाली. तो कागद मी कपाटाच्या खणात टाकला आणि हिला सांगितलं, सगळं ठीक आहे. तिने तो शोधून काढला असणार, कारण त्यानंतर माझ्या चहात साखर निम्मी झाली. मी एकदा तक्रार केली तर म्हणाली, साखर तेवढीच आहे, तुमच्या जिभेची चव गेली असेल. मग तिचंच दुखणं निघालं आणि माझ्या साखरेचं, पायांचं, हातांचं सगळं मागे पडलं. मधल्या खोलीत बसून मी या एकेका गोष्टीला हात लावून पाहत होतो आणि प्रत्येक वेळी मन तिथून सटकून त्या दुपारकडे जात होतं, हॉस्पिटलच्या त्या खोलीत, जिथे खिडकीखाली हिटरचा लांब पाइप होता आणि त्यावर हिचा रुमाल वाळत घातलेला होता. आतून रोपांच्या बाई कोणाला तरी पिवळे ट्रे बाहेर काढायला सांगत होत्या.

त्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले होते, आता औषधाचा उपयोग नाही, दुखू नये एवढंच आपण पाहायचं. ते आम्हाला माहीत होतं. तीन आठवडे आम्ही तेच ऐकत होतो. नर्सने मला बाजूला घेऊन सांगितलं, हात-पाय गार पडायला लागले की घरच्यांना बोलावून घ्या, मग फार वेळ राहत नाही. मी म्हटलं, त्याची काळजी नको, ते मला कळेल. मला बरंसुद्धा वाटलं, देवाशप्पथ. तीन आठवडे मी तिथे नुसता खुर्ची अडवून बसलो होतो, नळ्या दुसऱ्यांच्या, यंत्रं दुसऱ्यांची, शब्द दुसऱ्यांचे. शेवटी एक काम असं निघालं की जे माझं होतं. मी खुर्ची पलंगाला लावली आणि दर थोड्या वेळाने पालथा हात हिच्या पावलांना, मग तळहाताला, मग मनगटाला लावत राहिलो. पावलांपासून सुरू करून वर, सवयच ती. गार लागत नव्हतं. अकरा वाजता नाही, बारा वाजता नाही. बाराच्या पुढे नर्स आली, तिने चादर सारून पाय चाचपले आणि म्हणाली, हे कधीपासून असे गार पडलेत? मी म्हटलं, गार नाहीत. ती म्हणाली, आहेत. तेव्हा मी तिला ऐकवलं, “तुम्ही आत्ता गरम पाण्याने हात धुऊन आलात, म्हणून तुम्हाला गार लागतंय. तीस वर्षं मी हेच काम करतोय.” ती पोर माझ्या लेकीपेक्षाही लहान होती. तिने माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मग म्हाताऱ्या माणसाशी त्याच्या बायकोच्या पलंगापाशी काय वाद घालायचा असं मनात येऊन गप्प बसली असणार. पलीकडच्या खोलीत घंटी वाजली आणि ती गेली. साडेबाराला लेकीचा फोन आला. ती औषधांच्या कारखान्यात पॅकिंग तपासते, तिथून अर्ध्या-पाऊण तासात आली असती. तिने विचारलं, निघू का? मी म्हटलं, हात गरम आहे, तुझं काम उरक आणि सावकाश ये. पावणेतीनला ही गेली. लेक साडेतीनला आली, तेव्हा माणूस गेल्यावर उघडतात तशी खिडकी उघडलेली होती.

नंतर भेटायला आलेल्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगितली, की शेवटपर्यंत हात गरम होता. अचानक गेली, काही कळलंच नाही. माझ्या बहिणीने ती गोष्ट उचलली, मेहुणीने उचलली, आणि मग ती घरची गोष्ट झाली. लोक मलाच परत सांगायचे, बरं झालं, उबेत गेली. मीही रात्री अंथरुणावर पडलो की तेवढंच धरून झोपायचो. माणूस जाणारच होतं, तर निदान ते गारठत गेलं नाही, कोणीतरी हात धरून होतं, आणि तो हात जाणकाराचा होता. तेवढ्यावर माझे नऊ महिने निघाले. लेक मात्र त्या गोष्टीवर कधी मान डोलवायची नाही. दर रविवारी यायची, फ्रिज पुसायची, माझे शर्ट मोजून धुवायला घ्यायची आणि कामापुरतं बोलायची. पहिल्या महिन्यात तिने मला तीन-चारदा विचारलं, आई काही म्हणाली होती का. मी म्हणायचो, काही नाही, शांत होती. मग तिने विचारायचं सोडलं. मला वाटायचं, बोलावून घेतलं नाही म्हणून माझ्यावर राग धरून आहे, आणि मनातल्या मनात मी तिला उत्तर द्यायचो, अगं, गरम होता हात, कसं बोलावणार? हिने त्या दिवशी एक वाक्य म्हटलं होतं, खरं तर दोन. ती मी लपवली नव्हती. आजारी माणसाच्या तोंडची भ्रमातली बडबड समजून मी ती बाजूला ठेवली होती. आता पेटीवर बसल्या बसल्या ती दोन्ही वाक्यं माझ्यासमोर येऊन उभी राहिली, आणि त्यांत भ्रम कुठेच नव्हता. फूटपट्टीला कोणीतरी माझ्या मागून तपासत जाण्याची बुद्धी दिली होती. हॉस्पिटलातही ती नर्स आली होती माझ्या मागून तपासायला, आणि मीच तिला घालवून दिलं. मला गार लागलं नाही, याचा अर्थ ती गरम आहे असा मी लावला होता. दार चोख.

काम झाल्यावर फूटपट्टीने कार्ड माझ्यापुढे धरलं. त्याने सगळं भरलं होतं, खालचा रकाना तेवढा मोकळा. तो दुसरीकडे बघत उभा राहिला. मी त्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, कागदाने तपासलं, आणि पेन त्याच्या हातात दिलं. त्याने सही केली, पण चोरासारखी केली. निघताना रोपांच्या बाईंना मी म्हटलं, चूक माझी होती, मघाशी मी तुम्हाला उगाच शिकवलं. त्या म्हणाल्या, होतं हो असं, आणि पिवळी रोपं वाचतील का असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, नाही, ती गेली, मागची वाचतील. सरळ सांगितलं म्हणून मला त्या आवडल्या. परतीच्या वाटेवर गाडी फूटपट्टी चालवत होता आणि न राहवून बोलत होता. डॉक्टरांकडे जाऊ, आजकाल औषधं चांगली आहेत, साहेबांना मी समजावतो, तुम्ही शिकवा नवीन लोकांना, हात नाही तर डोकं आहे की. मी हं हं करत होतो. त्याला वाटत होतं माझी रोजीरोटी आणि माझा मान गेल्याचं दुःख मला झालं आहे. तेही झालं असतं, दुसऱ्या एखाद्या दिवशी. गाडी सिग्नलला थांबली होती आणि समोरून एक बाई मुलाच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळत चालली होती, मुलगा मान आखडून घेत होता आणि ती चालता चालताच गुंडाळत होती. मला एकदम इतकं रडू आलं की मी खिडकीकडे तोंड केलं. लेकीला सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. नाही सांगितलं तर तिचा राग माझ्यावर जसा आहे तसा राहील, आणि निदान आई उबेत गेली एवढं तरी तिच्याकडे राहील. सांगितलं तर तेही जाईल. आणि नाही सांगितलं तर यापुढे मरेपर्यंत दर रविवारी मी तिच्यासमोर बसून ती खोटी ऊब तिला वाढत राहणार. लेकीच्या गल्लीच्या तोंडाशी मी फूटपट्टीला गाडी थांबवायला सांगितलं.

चार वाजले असतील. जावई दौऱ्यावर होता, लेक सकाळच्या पाळीहून नुकतीच आली होती आणि ओट्यापाशी उभी राहून पावाला लोणी लावत होती. बुधवारी मला दारात पाहून ती घाबरली. आधी बसा म्हणाली, मग पाणी दिलं, मग चहा ठेवला, आणि तिचा चहा ठेवून होईपर्यंत मी बोलायचं टाळलं. तिच्या स्वयंपाकघरात मी फारसा कधी बसलो नव्हतो. टेबलाचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली पुठ्ठा घातला होता. मी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि म्हटलं, “माझ्या हातांना काही कळत नाही गं.” तिला वाटलं लागलंय. तिने माझा हात उचलला, उलटा-सुलटा केला, बोटं दाबून पाहिली. इथे? नाही. इथे? नाही. तिने चिमटा काढला, चांगला नखाने. मी तो पाहिला. मी तिला ग्रीनहाऊसमधलं दार सांगितलं, कागदाची पट्टी सांगितली, फूटपट्टी मागून तपासत होता ते सांगितलं. ती एकीकडे ऐकत होती आणि एकीकडे तिचं सुरू झालं होतं, डॉक्टरांची वेळ घेते, तुम्ही काही खाल्लंय का, साखर शेवटची कधी तपासली. मग ती थांबली. “कधीपासून आहे हे?” तिने विचारलं. मी म्हटलं, वर्ष झालं, जास्तच. तिच्या चेहऱ्यावर ती महिने मोजताना मला दिसली. मोजून झाले तेव्हा तिने गॅस बंद केला, चहा अजून उकळला नव्हता तरी.

मला वाटलं आता ती ओरडेल. मी त्यासाठीच आलो होतो, मला ते हवंच होतं. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि लोणी लावलेला पाव उगाच उचलून परत ठेवला. “मी निघालेच होते त्या दिवशी,” ती म्हणाली. “पर्स खांद्याला होती. तुम्ही म्हणालात हात गरम आहे, तर मला इतकं बरं वाटलं, बाबा. आई बरी आहे म्हणून नाही. आज एक दिवस जायला नको म्हणून.”  ती म्हणाली, तीन आठवडे रोज तो वास, रोज ते आईने मला बघून हसायचा प्रयत्न करणं, मला एक दुपार नको होतं ते. मी काम उरकून कॅन्टीनमध्ये गेले आणि सावकाश जेवले. समोरच्या मुलीने काहीतरी सांगितलं आणि मी हसले, मोठ्याने हसले. तेव्हा पावणेतीन झाले होते, मी नंतर हिशेब लावला. मी म्हटलं, तुला मीच सांगितलं होतं सावकाश ये म्हणून. ती म्हणाली, हो, पण मला हायसं वाटलेलं तुम्ही माझ्या आवाजावरून ओळखलंत असं मला वाटत होतं. म्हणून तुम्ही माझ्याशी धड बोलत नाही, लोकांना गरम हाताची गोष्ट सांगताना माझ्याकडे बघतसुद्धा नाही. मी तिच्याकडे बघत नव्हतो हे मला तिच्या तोंडून कळलं. नऊ महिने आम्ही दोघं एकमेकांच्या रागाला भिऊन फ्रिज पुसत आणि शर्ट मोजत होतो, आणि राग कोणाकडेच नव्हता. एवढ्यावर मी उठलो असतो तर चाललं असतं. ती नाक पुसत होती, जरा हलकी झाली होती, आणि पुन्हा गॅस पेटवायला तिने हातही पुढे केला होता. मग माझ्याकडे पाठ असतानाच तिने ते विचारलं, पहिल्या महिन्यात विचारायची तसंच.

“आई काही म्हणाली होती का?”

खोटं बोलणं अगदी सोपं होतं, सवयीचं होतं, आणि या वेळी ते तिच्यासाठी बोललो असतो. पण ज्या माणसाने आयुष्यभर निकाल दिले आणि ज्याच्यापुढे अपील नव्हतं, त्याने आता अजून एक निकाल द्यायचा, की लेकीला काय सोसेल आणि काय नाही, हे माझ्याच्याने होईना. मी म्हटलं, म्हणाली होती. अकराच्या सुमाराला डोळे उघडले. म्हणाली, मला गारठल्यासारखं होतंय.

लेक वळली नाही. “मग?”

“मी तिच्या हाताला हात लावला. म्हटलं, छे, गरम तर आहेस. कपाटात दुसरं पांघरूण होतं, ते काढलं नाही.”

“मग आई काय म्हणाली?”

“म्हणाली, तुम्ही म्हणताय तर असेन.”

 लेक म्हणाली, “तिला खरंच तसं वाटलं असेल, बाबा. तुम्ही म्हणालात म्हणजे तिला वाटलंच असेल.” हे ती मला बरं वाटावं म्हणून म्हणाली की आईला ती तेवढी ओळखत होती म्हणून, मला कळलं नाही. आणि मग आम्ही दोघंही रडलो, ती ओट्यापाशी आणि मी खुर्चीत, आणि कोणीच उठून कोणाजवळ गेलं नाही.